देशोदेशीचे फ्लूचे आकडे इतके वेगळे का असतात आणि ते वाचायचे कसे

जर्मनीचा २०१७-१८ चा फ्लू सीझन घ्या. लॅबमध्ये टेस्ट होऊन सरकारी यंत्रणेकडे नोंद झालेल्या केसेस साधारण ३ लाख ३४ हजार. त्याच सीझनमध्ये फ्लूमुळे लोक डॉक्टरकडे किती वेळा गेले, याचा तिथल्या रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटचा, म्हणजे सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्थेचा, अंदाज सुमारे ९० लाख. लॅबने कन्फर्म केलेले मृत्यू १,६७४ आणि त्याच संस्थेचा एकूण मृत्यूंचा अंदाज सुमारे २५,१००. देश तोच, सीझन तोच, संस्थाही तीच, आणि मृत्यूच्या दोन आकड्यांत पंधरा पट फरक, तरीही यातला एकही आकडा खोटा नाही, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आता कुणीतरी हा २५,१०० उचलतो, शेजारच्या देशाचे लॅब-कन्फर्म मृत्यू उचलतो, दोन्ही एकाच चार्टमध्ये टाकतो आणि खाली लिहितो की बघा जर्मनीत किती भयानक परिस्थिती आहे. असे चार्ट दर हिवाळ्यात फिरतात आणि लोक त्यावरून लस घ्यायची की नाही, प्रवास करायचा की नाही, अमुक देश लपवतोय का असले निष्कर्ष काढून मोकळे होतात. मला हे मनापासून खटकतं, कारण आकडे गोळा करणारे लोक प्रामाणिकपणे काम करत असतात आणि त्यांनी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेल्या मर्यादा चार्ट बनवणारा सरळ कापून टाकतो. म्हणून दोन देशांचे आकडे समोर आले की काय काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं, ते सविस्तर लिहितोय.

पायरी १ : आकडा नेमका कशाचा आहे ते शोधा

सगळ्यात आधी हेच, बाकी सगळं नंतर. "फ्लूच्या केसेस" या दोन शब्दांखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक, फ्लूसारखी लक्षणं असलेले पेशंट, म्हणजे डॉक्टरने तपासलं, ताप खोकला बघितला आणि नोंद केली, टेस्ट नाही. यात खरा फ्लू किती आणि कोविड, आरएसव्ही (श्वसनाचा आजार करणारा आणखी एक विषाणू), साधी सर्दी किती हे कळत नाही. दोन, लॅबने कन्फर्म केलेल्या केसेस. तीन, हॉस्पिटलमध्ये भरती झालेले पेशंट. चार, गणिती मॉडेलने काढलेला अंदाज. पाच, मृत्यू, आणि त्यातही परत कन्फर्म झालेले आणि अंदाजे असे दोन प्रकार आहेतच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी साधारण १०० कोटी लोकांना फ्लू होतो, त्यातले ३० ते ५० लाख गंभीर आजारी पडतात आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख लोक श्वसनाच्या त्रासाने जातात. हे सगळे अंदाज आहेत. एवढी माणसं कुणी एकेक करून मोजलेली नाहीत आणि मोजता येणारही नाहीत. त्यामुळे कुठल्याही देशाचा मोजलेला आकडा या जागतिक अंदाजाशेजारी ठेवायचा नाही.

बातमीत हा तपशील नसतोच बहुतेक वेळा. मूळ रिपोर्ट उघडा, टेबलच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथंही सापडलं नाही तर त्या आकड्यावर काही बोलू नका, सरळ सोडून द्या.

पायरी २ : केस कुणाला म्हणतात ते वाचा

लोकांना वाटतं फ्लू म्हणजे फ्लू, त्यात व्याख्या काय करायची. पण लक्षणांवरून मोजायचं म्हटलं की रेषा कुठंतरी आखावी लागते आणि प्रत्येकाने ती वेगळ्या जागी आखलीय. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ३८ डिग्री सेल्सिअस किंवा जास्त मोजलेला ताप हवा, खोकला हवा आणि त्रास गेल्या १० दिवसांत सुरू झालेला हवा. अमेरिकेच्या सीडीसीची, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेची, अट आहे १०० डिग्री फॅरनहाइट, म्हणजे ३७.८, आणि सोबत खोकला किंवा घसादुखी यातलं काहीही एक चालतं. युरोपियन युनियनच्या व्याख्येत त्रास अचानक सुरू झालेला हवा, पण ताप असलाच पाहिजे असं नाही, डोकेदुखी किंवा अंगदुखी किंवा गळून गेल्यासारखं वाटणं यातलं एक आणि खोकला, घसादुखी किंवा धाप यातलं एक असलं की झालं. आणि फ्रान्सच्या सेंटिनेल, म्हणजे नोंदीसाठी निवडलेल्या, डॉक्टरांच्या नेटवर्कने, जे १९८४ पासून चालू आहे, वर्षानुवर्षं वापरलेली व्याख्या काय, तर ३९ च्या वर ताप, तोही अचानक आलेला, सोबत अंगदुखी आणि श्वसनाची लक्षणं.

आता एकच पेशंट डोळ्यासमोर आणा. काल संध्याकाळी अचानक आजारी पडला, ताप ३७.९, घसा दुखतोय, डोकं दुखतंय, खोकला अजिबात नाही. अमेरिकेच्या व्याख्येत हा मोजला जातो. युरोपियन युनियनच्या व्याख्येतही मोजला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत नाही, कारण ताप थोडा कमी पडला आणि खोकला नाही. फ्रान्सच्या त्या व्याख्येत तर जवळपासही येत नाही. माणूस तोच, विषाणूही तोच.

व्याख्या सैल ठेवली की केसेस जास्त पण त्यात भेसळ जास्त, कडक ठेवली की फ्लू असण्याची शक्यता जास्त पण कितीतरी खरे पेशंट बाहेर राहतात, विशेषतः म्हातारी माणसं, ज्यांना फ्लू झाला तरी बऱ्याचदा ताप फारसा चढत नाही. यातली कुठली बरोबर असं मी म्हणणार नाही, दोन्हींचा उपयोग आहे. फक्त दोन वेगळ्या व्याख्यांचे आकडे एकमेकांतून वजा करू नका.

पायरी ३ : तिथं लोक डॉक्टरकडे जातात का, आणि कशासाठी

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. पेशंट दवाखान्याची पायरी चढलाच नाही तर तो कुठल्याच आकड्यात येत नाही. आणि तो चढणार की नाही हे ठरवणाऱ्या कितीतरी गोष्टींचा आजाराशी संबंधच नसतो. डॉक्टरची फी, दवाखान्याचं अंतर, अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते, आणि ऑफिसला सर्टिफिकेट कधी द्यावं लागतं.

ही शेवटची गोष्ट बघा. ब्रिटनमध्ये पहिले सात दिवस माणूस स्वतःच लिहून देऊ शकतो की मी आजारी आहे. जर्मनीत कायद्याने आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबलं की डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि कंपनी ते त्याआधीही मागू शकते. फ्लूत माणूस चार-पाच दिवस झोपून असतो, म्हणजे त्याच फ्लूसाठी जर्मनीतला कर्मचारी डॉक्टरसमोर जाऊन बसतो आणि ब्रिटनमधला घरीच गोळी घेऊन पडून राहू शकतो. एकाची नोंद होण्याची शक्यता उभी राहिली, दुसऱ्याची नाहीच.

घरी करायच्या टेस्टने यात अजून एक भर घातलीय. अमेरिकेत २०२३ पासून कोविड आणि फ्लू एकत्र सांगणाऱ्या होम टेस्टला परवानगी आहे. रिझल्ट पॉझिटिव्ह आला, माणसाने स्ट्रिप कचऱ्यात टाकली, विषय संपला, त्याची नोंद कुठंच होत नाही.

पायरी ४ : टेस्ट कुणाची करतात आणि कुठली

इथं एक उदाहरण जरा थांबून बघू, कारण हे समजलं की अर्धं काम झालं. ऑस्ट्रेलियात लॅबने कन्फर्म केलेला प्रत्येक फ्लू कळवणं बंधनकारक आहे, हे २००१ पासून. डॉक्टर पीसीआर टेस्ट सहज लिहून देतात. २०१९ मध्ये तिथं ३ लाख १० हजारांच्या वर केसेस नोंदल्या गेल्या, लोकसंख्या साधारण अडीच कोटी, म्हणजे दर लाखामागे बाराशेच्या आसपास. भारतात २०१५ हे एच१एन१ चं, म्हणजे ज्याला स्वाइन फ्लू म्हणतात त्या प्रकाराचं, वाईट वर्ष होतं, नोंद झालेल्या केसेस ४२ हजारांच्या वर, लोकसंख्या १३० कोटींच्या घरात, म्हणजे दर लाखामागे तीन-साडेतीन. साडेतीनशे पटींपेक्षा जास्त फरक.

ऑस्ट्रेलियातल्या लोकांना साडेतीनशे पट जास्त फ्लू होतो का? होत नाही. भारतातल्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पेशंटच्या ए, बी, सी अशा कॅटेगरी केलेल्या आहेत, त्यात ए आणि बी म्हणजे सौम्य आणि मध्यम लक्षणं असलेल्यांची एच१एन१ टेस्ट करायची गरज नाही असं सांगितलंय, टेस्ट सी कॅटेगरीची, म्हणजे दम लागणं, छातीत दुखणं, रक्तदाब खाली येणं असली गंभीर लक्षणं असलेल्यांची. शिवाय ते आकडे फक्त एच१एन१ चे होते, बाकीचे फ्लूचे प्रकार त्यात नव्हतेच. हे धोरण चुकीचं आहे असं अजिबात नाही, एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक तापाची पीसीआर करणं शक्य नाही आणि सौम्य पेशंटच्या उपचारात त्याने फरकही पडत नाही.

पण आता मृत्यूदर काढून बघा. भारतात त्या वर्षी नोंद झालेले मृत्यू जवळपास ३ हजार, भागिले ४२ हजार, आले सात टक्के. ऑस्ट्रेलियात २०१९ चे मृत्यू हजाराच्या आसपास, भागिले ३ लाख १० हजार, अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. कुणीही घाबरून म्हणेल की भारतात फ्लू वीस पट जीवघेणा आहे. खरं काय घडलं, तर एका देशाने हलके आणि गंभीर सगळे पेशंट खाली ठेवून भागाकार केला, दुसऱ्याने फक्त गंभीर. भाजकच वेगळा आहे. दोन देशांच्या नोंदलेल्या केसेस आणि नोंदलेले मृत्यू घेऊन भागाकार करून तुलना करू नका, कधीच नाही. या लेखातलं बाकी काही विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

टेस्टचा प्रकारही महत्त्वाचा. क्लिनिकमध्ये पंधरा मिनिटांत होणारी रॅपिड अँटिजेन टेस्ट साधारण ५० ते ७० टक्के खऱ्या केसेस पकडते, बाकीच्यांना चुकून निगेटिव्ह सांगते. पीसीआर खूपच जास्त पकडते. आणि आजारी पडून चार-पाच दिवस उलटल्यावर सॅम्पल घेतलं तर नाकातला विषाणू कमी झालेला असतो, मग टेस्ट कुठलीही असो, सुटण्याची शक्यता वाढते.

आतापर्यंतचं सगळं एकत्र करून बघू

हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुठल्याही देशाचे नाहीत. देश 'क' आणि देश 'ख', दोन्हीकडे बरोबर १ लाख लोकांना फ्लू झाला.

'क' मध्ये निम्मे लोक डॉक्टरकडे गेले, ५० हजार. त्यातल्या ४० टक्क्यांची टेस्ट झाली, २० हजार. पीसीआरने ९५ टक्के पकडले, १९ हजार. सगळ्या लॅब आपोआप ऑनलाइन कळवतात, त्यामुळे नोंद १९ हजार.

'ख' मध्ये २० टक्के लोक डॉक्टरकडे गेले, २० हजार. त्यातल्या ५ टक्क्यांची टेस्ट झाली, एक हजार. रॅपिड टेस्टने ६० टक्के पकडले, ६००. निम्म्याच लॅबने कळवलं, नोंद ३००.

१९ हजार आणि ३००. त्रेसष्ट पट. फ्लू दोन्हीकडे अगदी सारखा, आणि कुणीही काहीही लपवलेलं नाही, प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं गळत गेलं आणि गळतीचा गुणाकार झाला. कुठला देश केसेस दाबतोय असं म्हणायच्या आधी हे गणित त्या देशासाठी मनात एकदा मांडून बघत जा.

पायरी ५ : सगळ्यांकडून मोजतात की निवडक ठिकाणांहून

बरेच देश प्रत्येक केस मोजायच्या भानगडीत पडतच नाहीत. ते काही दवाखाने निवडतात, त्यांना सेंटिनेल म्हणतात, आणि तेवढ्यांकडूनच दर आठवड्याला माहिती घेतात. ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनर्सचं असं नेटवर्क १९६७ पासून चालू आहे. चांगल्या निवडलेल्या थोड्या जागांवरून ट्रेंड फार छान कळतो, पण एकूण केसेस किती हे त्यातून थेट कळत नाही आणि ते कळावं हा हेतूही नसतो.

जपानचं उदाहरण यासाठी उत्तम. तिथं आकडा "दर सेंटिनेल दवाखान्यामागे त्या आठवड्यात किती पेशंट" असा देतात. १ च्या वर गेला की सीझन सुरू झाला असं धरतात, १० ला सावधगिरीचा इशारा, ३० ला मोठा इशारा. २०२४ च्या डिसेंबरअखेरीला हा आकडा ६४ च्या वर गेला होता, १९९९ पासूनचा उच्चांक. आता हा ६४ ज्याला माहीत नाही तो दर लाखामागे ६४ समजेल, किंवा ६४ टक्के समजेल, दोन्ही साफ चूक.

अमेरिकेतही हॉस्पिटल भरतीचं एक मोठं नेटवर्क देशाच्या फक्त ९-१० टक्के लोकसंख्येवर लक्ष ठेवतं आणि त्यावरून पूर्ण देशाचा अंदाज काढला जातो. म्हणून आकड्याच्या मागे "दर किती" आणि "कुणांपैकी" हे दोन शब्द शोधायचेच.

पायरी ६ : कॅलेंडर जुळवा

हे पटकन. उत्तर गोलार्धात सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, दक्षिणेत एप्रिल ते सप्टेंबर-ऑक्टोबर, विषुववृत्ताजवळच्या देशांत थोडाफार वर्षभर आणि बऱ्याचदा पावसाळ्यात उसळी. त्यामुळे जानेवारी ते डिसेंबर असा हिशोब केला तर उत्तरेकडच्या देशाचे दोन अर्धे सीझन एकत्र येतात आणि दक्षिणेकडचा एक पूर्ण सीझन. सीझन धरून तुलना करा, वर्ष धरून नको.

आठवडेही जुळत नाहीत, अमेरिकेचा रविवारी सुरू होतो आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीचा सोमवारी. आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांचे आकडे कधीच पूर्ण नसतात, उशिरा आलेले रिपोर्ट मागून भरले जातात, तेव्हा चार्टचं टोक खाली वाकलेलं दिसलं म्हणजे साथ उतरली असं नाही. नाताळच्या सुट्ट्यांत तर हमखास असं होतं.

पायरी ७ : मृत्यूंचे आकडे वेगळे ठेवा

फ्लू झाला, त्यातून न्यूमोनिया झाला किंवा हार्ट अटॅक आला आणि पेशंट दोन-तीन आठवड्यांनी गेला, तर डेथ सर्टिफिकेटवर बहुतेक वेळा न्यूमोनिया किंवा हार्ट अटॅक लिहिलं जातं. टेस्ट झालेली नसते, आणि त्या वेळी केली तरी विषाणू सापडेलच असं नाही. म्हणून सर्टिफिकेटवर फ्लू लिहिलेले मृत्यू मोजले तर ते खऱ्यापेक्षा कितीतरी कमी भरतात. यावर उपाय म्हणून संशोधक फ्लूच्या काळात नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली ते बघतात आणि त्यातला फ्लूचा वाटा काढतात. जर्मनीचे २५,१०० तसे आले.

अमेरिकेत लहान मुलांचे फ्लूचे मृत्यू कळवणं २००४ पासून आहे, मोठ्या माणसांचे देशपातळीवर तसे कळवले जात नाहीत, म्हणून तिथला एकूण आकडा हा अंदाजच असतो. २०१७-१८ साठी आधी जवळपास ८० हजार सांगितला होता, नंतर जास्त डेटा आल्यावर तो ६१ हजार आणि मग ५२ हजारांच्या आसपास आला. बदललेला आकडा बघून लोक चिडतात, माझ्या मते उलट विश्वास वाढायला हवा, कारण ज्यांनी सुधारला त्यांनी परत तपासलं.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत हा फरक सगळ्यात ठळक दिसला. लॅबने कन्फर्म केलेले जगभरातले मृत्यू साडेअठरा हजारांच्या आसपास, आणि २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाचा अंदाज दीड लाख ते पावणेसहा लाख. त्याच साथीत जुलै २००९ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने देशांना सांगून टाकलं होतं की आता एकेक केस मोजून कळवायची गरज नाही, कारण लॅबवर ताण येतोय आणि त्यातून नवीन काही कळत नाहीये. म्हणजे त्या तारखेनंतरचे देशोदेशीचे केसचे आकडे रांगेत लावणं तर आणखीच निरर्थक.

पायरी ८ : मग तुलना करायची तरी कशाची

करता येते, फक्त योग्य गोष्टीची. पहिली, देशाची त्याच देशाशी. याच नेटवर्कने, याच पद्धतीने गेल्या पाच सीझनमध्ये काय दाखवलं आणि यंदा काय. पद्धत मधे बदलली असेल तर तेही चालत नाही, कोविडनंतर कितीतरी ठिकाणी एकाच सॅम्पलमधून फ्लू, कोविड, आरएसव्ही तपासणाऱ्या टेस्ट सर्रास झाल्या, त्यामुळे २०१९ च्या आधीचे आणि नंतरचे कच्चे आकडे जपूनच बघायला हवेत. कधीकधी मात्र बदल इतका मोठा असतो की पद्धतीतल्या फरकाने तो समजावता येत नाही, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियात २०१९ ला ३ लाखांवर केसेस आणि २०२१ ला हजारापेक्षा कमी, टेस्टिंग चालू असूनही. सीमा बंद होत्या, लोक घरात होते, फ्लू खरोखरच नव्हता.

दुसरी, पॉझिटिव्हिटी, म्हणजे केलेल्या टेस्टपैकी किती टक्के पॉझिटिव्ह. टेस्टची संख्या वाढली-घटली तरी ही त्या मानाने स्थिर राहते. युरोपात सेंटिनेल सॅम्पलमध्ये १० टक्क्यांच्या वर गेली की सीझन सुरू झाला असं धरतात. पण हीसुद्धा कुणाची टेस्ट केली यावर अवलंबून असते हे विसरू नका. तिसरी, वेळ, म्हणजे लाट कुठल्या आठवड्यात चढली आणि कुठल्या आठवड्यात शिखर आलं. चौथी, प्रकार, एच३एन२ चा जोर आहे की एच१एन१ चा (हे दोन्ही फ्लू 'ए' चे उपप्रकार) की फ्लू 'बी' चा, कारण एच३एन२ च्या सीझनमध्ये म्हाताऱ्या माणसांना जास्त त्रास होतो. वेळ आणि प्रकार या दोन गोष्टी देशादेशांत बऱ्यापैकी विश्वासाने ताडून बघता येतात.

हे सगळं बघायला जागतिक आरोग्य संघटनेचं फ्लूनेट आहे, सगळ्यांना फुकट आणि खुलं. १९५२ पासून चालत आलेल्या लॅबच्या जागतिक नेटवर्कचा डेटा त्यात येतो, शंभरपेक्षा जास्त देशांतून. देश निवडा, मग सर्वात आधी तपासलेल्या सॅम्पलचा कॉलम बघा आणि मगच पॉझिटिव्हचा. तपासलेल्यांचा कॉलम रिकामा असेल किंवा पॉझिटिव्हइतकाच असेल तर त्या देशाने एकूण टेस्ट कळवलेल्याच नाहीत, तिथली टक्केवारी काढू नका. सेंटिनेल आणि इतर सॅम्पल वेगवेगळी दिली असतील तर सेंटिनेलच घ्या. "ए, प्रकार तपासला नाही" असा मोठा रकाना दिसला तर तिथल्या लॅबने पुढची टेस्ट केलेली नाही, मग एच३ कमी दिसतोय म्हणून तो नाहीच असं समजू नका.

बर्ड फ्लूच्या आकड्यांना हे लागू आहे का

हो, आणि नियम वेगळे असूनही. माणसात फ्लूचा नवीन प्रकार सापडला तर २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार प्रत्येक देशाने जागतिक आरोग्य संघटनेला ते कळवायचंच असतं, एक केस असली तरी, आणि तेही २४ तासांत. त्यामुळे एच५एन१ या बर्ड फ्लूच्या माणसांतल्या केसेस एकेक करून मोजलेल्या असतात. २००३ पासून जगभरात ९०० च्या वर, आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. पण अमेरिकेत २०२४ मध्ये दुभत्या गायींमध्ये हा विषाणू पसरल्यावर गोठ्यांतल्या आणि कोंबड्यांच्या फार्मवरच्या कामगारांवर मुद्दाम लक्ष ठेवलं गेलं, नुसते डोळे लाल झालेल्यांचीही टेस्ट झाली, आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ७० केसेस सापडल्या, मृत्यू एक. यात विषाणूच्या उपप्रकाराचा, संसर्ग कसा झाला याचा वाटा असू शकतो, पण सौम्य पेशंट शोधायला कुणी गेलं होतं का हा प्रश्न इथंही सगळ्यात आधी विचारावा लागतो. इतर बऱ्याच देशांतल्या जुन्या केसेस हॉस्पिटलमध्ये अत्यवस्थ अवस्थेत पोहोचल्यावरच सापडलेल्या आहेत, त्यामुळे तिथले "निम्मे" आणि अमेरिकेतले "सत्तरात एक" एका चार्टवर शेजारी ठेवायचे असतील तर केस कशी सापडली ते प्रत्येक ओळीपुढे लिहा, आणि ते लिहिता येत नसेल तर तो चार्ट पुढे पाठवू नका.